पन्नासलाही सोड

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "शुभाताई, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. नेटवर्कबिटवर्क आमच्या वाचकांना कळायचं नाही, पण किस्से आवडीने वाचतात." मी हो म्हणून बसले. मग एका दुपारी वही घेऊन गमती आठवायला लागले, तर दीड पानात संपल्या. उरलं ते एकच प्रकरण, आणि त्यात गंमत अशी काही नाही. तरी तेच लिहिते आहे. फराळ खाता खाता वाचण्याजोगं ते नाही, याची मला कल्पना आहे. छापायचं की केराच्या टोपलीत टाकायचं, ते संपादकांनी बघावं.

दादरला एका आतल्या गल्लीत आमची लहानशी कंपनी होती. मालक, मी, दोन वायरमन आणि फोन उचलणाऱ्या एक बाई. दवाखाने, छापखाने, क्लासेस, सोसायट्या अशा ठिकाणी कॉम्प्युटरांचं जाळं टाकून द्यायचं आणि ते नीट चालेल असं बघायचं, हा धंदा. वायरी ओढायचं काम वायरमनचं. त्या वायरींमधून कोणी कुठे जायचं आणि कोणी जायचं नाही, हे ठरवायचं काम माझं. अठ्ठावीस वर्षं मी ते केलं. नव्या ठिकाणी गेले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, मॅडम, इंजिनिअर कधी येणार? सुरुवातीला मी चिडायचे. पुढे पुढे "येतीलच" म्हणून कामाला लागायचे आणि निघताना "इंजिनिअर येऊन गेले" असं सांगायचे.

माटुंग्याच्या एका दाताच्या डॉक्टरांची गोष्ट सांगते, म्हणजे हे काम कशासाठी असतं ते कळेल. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या पेशंटांना वायफाय फुकट दिलं होतं. आतला एक्स-रेचा कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळं त्याच जाळ्यावर. एकदा बाहेर बसलेल्या एका आजोबांनी फोनवर कुठेतरी बोट लावलं आणि आत, एक बाई खुर्चीत आ करून पडलेली असताना, प्रिंटरमधून त्यांच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका बाहेर यायला लागली. एकामागून एक, चाळीस. बाई तशाच आ करून हसल्या म्हणे. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी मला बोलावलं.

अशा वेळी खरोखरची दोन जाळी टाकायची तर भिंती फोडाव्या लागतात. त्याऐवजी आम्ही एकाच जाळ्याची यंत्रातल्या यंत्रात दोन करतो. त्याला व्हीलॅन म्हणतात. सगळ्या वायरी ज्या डब्यात येऊन लागतात त्याला ओळीने भोकं असतात, ते पोर्ट. हा पोर्ट दहा नंबरचा, तो वीस नंबरचा, असं एकेकाला सांगून ठेवायचं. मग दहावाल्यांना फक्त दहावाले दिसतात आणि वीसवाल्यांना वीसवाले. एका डब्यातून दुसऱ्या डब्याकडे मात्र एकच वायर जाते आणि तिच्यावरून सगळ्यांचंच सामान जातं. म्हणून निघताना प्रत्येक पुडक्यावर नंबर चिकटवायचा आणि पलीकडे तो बघून ज्याचं त्याला द्यायचं. हे नंबर चिकटवणं म्हणजे टॅगिंग. या सगळ्यांच्या वर एक मुख्य डबा असतो, गेटवे. त्याच्या प्रत्येक पोर्टवर यादी असते, इथून कुठल्या नंबरांना सोडायचं याची. यादीत नंबर नसला तर ते पुडकं तिथल्या तिथे टाकून दिलं जातं. कोणाला निरोप जात नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, पोचलं.

हे सगळं मी एकदा मधुकाकांना समजावून सांगितलं होतं. मधुकाका म्हणजे लालबागच्या चाळीतले आमचे शेजारी. मूळचे मालवणकडचे, माझ्या वडिलांबरोबर एकाच गिरणीत कामाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बिल्लो." त्यांच्या गिरणीत कायम कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला असे. बदलीवाल्याला नसे. तो सकाळी दाराशी उभा राही. कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. माझ्या वडिलांनी सहा वर्षं त्या दारात काढली होती. मला काकांचा शब्द एकदम पटला आणि तेव्हापासून मी टॅगला बिल्ला म्हणायला लागले. ऑफिसात आधी सगळे हसले, मग तेही म्हणायला लागले. सात नंबरच्या पोर्टला बिल्ला दिला का, असं आमच्याकडे सर्रास बोललं जायचं. फक्त एक फरक मधुकाकांनी दाखवला होता. बदलीवाल्याला निदान दारावर "आज नाही" म्हणून सांगायचे. तुझं यंत्र तेवढंही सांगत नाही, असं ते म्हणाले होते.

पुढे ती चाळ पाडली आणि त्या जागी दोन इमारती उभ्या राहिल्या. विकायच्या फ्लॅटची बेचाळीस मजल्यांची, तिला सगळे सेल म्हणतात. जुन्या भाडेकरूंची बावीस मजल्यांची, ती रिहॅब. गेट वेगळी, लिफ्ट वेगळ्या, चकचकीत नावाची पाटी एकीलाच. आमच्या घरची खोली भावाने आधीच देऊन टाकली होती आणि मी तर लग्न होऊन कधीच दादरला आले होते. पण मधुकाका आणि सुमनकाकी टिकून राहिले आणि त्यांना रिहॅबमध्ये सातव्या मजल्यावर सातशे चार नंबरचं घर मिळालं. मुलगा पुण्याला, घरात दोघंच. त्या दोन्ही इमारतींच्या नेटवर्कचं काम आमच्या कंपनीकडे आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आपल्या माणसांच्या घरी आपल्या हातचं काम, असं वाटलं होतं.

प्रत्येक घराच्या दाराशी भिंतीत एक छोटा स्क्रीन होता. त्यावरून गेटवर बोलता यायचं, दुसऱ्या घरी बोलता यायचं, आणि खाली एक लाल बटण होतं. कोणी पडलं, आग लागली, तर ते दाबायचं. दोन्हीकडची बटणं सेलच्या तळघरातल्या कंट्रोल रूममध्ये वाजायची, तिथे वॉचमन बसलेले असत. सूचनांचं स्टिकर इंग्रजीत आलं होतं. रिहॅबसाठी मराठी मी स्वतः लिहिलं: ‘अडचणीच्या वेळी लाल बटण दाबा. दिवा लागला की मदत निघाली असे समजावे. धीर धरावा.’ मालकांना धीर धरावा हे जरा जास्त वाटलं होतं. मी म्हटलं, म्हातारी माणसं आहेत, असू दे.

पहिले काही महिने दोन्ही इमारती एकाच जाळ्यावर होत्या. रिहॅबमधल्या पोरांना स्क्रीनवर सेलमधल्या घरांची यादी सापडली आणि त्यांनी चाळिसाव्या मजल्यावर फोन लावून "मसाला डोसा पाठवू की साधा" असं विचारायला सुरुवात केली. याच उद्योगात, सुट्टीला आलेल्या काकीच्या नातवाने एकतिसाव्या मजल्यावर लावलेला फोन एका गुजराती बांनी उचलला आणि काकीला माफी मागायला स्क्रीनपुढे यावं लागलं. त्या दिवसापासून दोघी रोज जेवणं झाली की बोलायला लागल्या. काकी मालवणी हिंदीत, बा गुजराती हिंदीत. विषय गुडघे, सुना आणि कोकमाचं सार. प्रत्यक्ष भेट एकदाही झाली नाही, कारण सेलच्या गेटमधून आत जायला पास लागायचा आणि बा व्हीलचेअरवर होत्या.

डोशांच्या तक्रारी वर गेल्या. बिल्डरच्या ऑफिसातला मॅनेजर मराठीच होता, परळमध्ये वाढलेला. तो मला म्हणाला, "मॅडम, हे लोक आणि ते लोक मिक्स नको व्हायला. सिस्टिममधूनच कट करून टाका." त्याचं ‘ते लोक’ मला टोचलं. मीही त्याच चाळीतली आहे, हे तोंडावर आलं होतं. मी पर्स उघडून वही काढली आणि रिहॅबमध्ये एकूण पोर्ट किती आहेत ते विचारलं.

एका दुपारात काम झालं. सेलला दहा नंबर, रिहॅबला वीस. दहाला वीस दिसेना, वीसला दहा दिसेना. फक्त तळघरातल्या कंट्रोल रूमच्या पोर्टवर दोन्ही बिल्ले चालत होते, कारण बटणं तिथे वाजायची होती. काम सुबक झालं होतं. भिंत तर घातली, पण तिला वीट लागली नाही की धूळ उडाली नाही, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. आता लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटला होता हे खरं आहे.

काहीही बदललं की स्वतः जाऊन तपासायचं, हा माझा पहिल्यापासूनचा नियम होता. इथे गेटवेवर काहीही बदललं की दोन्ही इमारतींत एकेका घरी जाऊन लाल बटण दाबायचं आणि खाली वाजलं का ते फोनवर विचारायचं. रिहॅबमधलं ते घर म्हणजे अर्थातच सातशे चार, कारण तिथे बटणाबरोबर चहा मिळायचा, कधी घावणेही. त्या दिवशी मी बटण दाबलं, खाली वाजलं, चहा आला. काकीने स्क्रीनकडे बोट केलं आणि यादीत बा दिसत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, आता दिसणार नाहीत, वरून तसं ठरलंय. हे कोणी केलं, असं तिने विचारलं. मी कपाकडे बघत राहिले. मधुकाकांच्या लक्षात आलं. ते हळूच म्हणाले, "आमचो बिल्लो बदललो." काकीने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं.

"आमका वायले कित्याक काढलंस गो, शुभा?"

वायलं काढणं म्हणजे वेगळं काढणं. भावाभावांचं पटेनासं झालं आणि घरात चूल वेगळी झाली की हा शब्द येतो. ती रागावून म्हणाली असती तर मी काहीतरी बोलले असते. ती खरंच विचारत होती. मी घाईचं काम आहे असं सांगून अर्धा चहा तसाच ठेवून उठले. जाताना मधुकाका दारापर्यंत आले आणि काकीचं मनावर घेऊ नकोस म्हणाले. ते माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

तीन महिन्यांनी मॅनेजरचा फोन आला. बिल्डरने विक्रीचं ऑफिस रिहॅबच्या तळमजल्यावर हलवलं होतं, तिथल्या कॉम्प्युटरांना वेगळा नंबर हवा होता. मी पन्नास दिला. रिहॅबकडे जाणाऱ्या वायरीच्या पोर्टवर यादीत वीस होताच, त्यात पन्नास घालायचा होता. दहा मिनिटांचं काम.

यंत्राला असले हुकूम टाइप करून द्यावे लागतात. हा हुकूम दोन तऱ्हांनी देता येतो. एक, या पोर्टवरून पन्नासला सोड. दुसरा, या पोर्टवरून पन्नासलाही सोड. पहिला दिला तर यंत्र जुनी यादी पुसून टाकतं आणि एकटा पन्नास लिहितं. दुसरा दिला तर जुन्या यादीत पन्नासची भर घालतं. इंग्रजीत तिथे एक छोटासा शब्द लागतो, मी शिकवताना त्याला ‘ही’ म्हणायचे. वॉचमनला आपण "अमक्याला आत सोड" म्हटलं तर तो आत बसलेल्यांना बाहेर काढत नाही. यंत्र काढतं. आमच्या धंद्यात प्रत्येक जण ही चूक एकदा करतो, पाच मिनिटांत सगळीकडून बोंब होते आणि ती जन्मभर लक्षात राहते. ‘ही’ विसरू नका, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. इतकं ठरलेलं की मी तोंड उघडण्याआधी वायरमनच म्हणायचे.

त्या दिवशी मी ‘ही’ विसरले. यादीत फक्त पन्नास उरला.

बोंब झाली नाही. कॅमेऱ्यांची वायर वेगळी होती, ते चालू राहिले. रिहॅबमधल्या घरांचं आपसातलं आणि त्यांच्या गेटशी बोलणं रिहॅबच्याच डब्यात फिरायचं, तेही चालू राहिलं. बंद झाली ती फक्त तळघरापर्यंत जाणारी लाल बटणं, आणि ती रोज कोण दाबतं? दिवा तर स्क्रीनमधलाच, निरोप पोचो न पोचो, बटण दाबलं की तो लागायचाच. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात हिरवा ठिपका करडा झाला असणार. तो कोणी बघत नाही. मी विक्रीच्या ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर चालतात का ते पाहिलं. चालत होते. मॅनेजर खूश झाला.

आणि मी सातव्या मजल्यावर गेले नाही. लिफ्टपर्यंत गेले होते. बटण दाबायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण काकी समोर बसली असती आणि तिने पुन्हा तसंच पाहिलं असतं. मनात म्हटलं, एवढासा बदल आहे, पुढच्या खेपेला तपासू. अठ्ठावीस वर्षांत तो नियम मी त्या एकाच दिवशी मोडला, आणि कारण एवढंच होतं.

अकरा दिवसांनी, दुपारी अडीच वाजता, मधुकाका न्हाणीघरात पडले. डोकं नळावर आपटलं. काकीने धावत जाऊन लाल बटण दाबलं आणि परत येऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दिवा लागला होता, तिला तिथून तो दिसत होता. मोबाइल आत स्वयंपाकघरात होता. चाळीत असती तर तिने एक हाक मारली असती आणि सगळा मजला गोळा झाला असता. इथे दारं बंद, आणि दिवा तर लागलेला. ती धीर धरून बसली. पाऊण तासाने सातशे पाचमधली सून कामावरून आली, तिला आतून काकीचं पुटपुटणं ऐकू आलं म्हणून तिने दार वाजवलं. मग सगळं झालं, माणसं, स्ट्रेचर, गाडी. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. चौथ्या दिवशी मधुकाका गेले.

ते हॉस्पिटलात असतानाच मॅनेजरने मला बोलावलं. म्हातारी म्हणते बटण दाबलं, नोंदीत तर काहीच नाही, तेव्हा सिस्टिम ओके होती असं एक लेटर द्या, असं त्याचं म्हणणं होतं. वय झालं की गोंधळ होतो, असंही तो म्हणाला. मी तळघरात जाऊन गेटवे उघडला. रिहॅबच्या पोर्टची यादी वाचली. पन्नास. मी ती दोनतीनदा वाचली, जणू काही तिसऱ्यांदा वाचल्यावर वीस दिसणार होता. मॅनेजर शेजारी उभा राहून फोनवर बोलत होता. मी हुकूम टाइप केला, वीसलाही सोड. कोपऱ्यातला करडा ठिपका हिरवा झाला. फोन संपवून त्याने विचारलं, सगळं ओके आहे ना? मी म्हटलं, "आता ओके आहे."

त्याने तिथेच लेटर टाइप करून घेतलं. सिस्टिम ओके आहे. माझ्या वाक्यातला ‘आता’ त्यात नव्हता. मी ते वाचलं, मला ते दिसलं, आणि मी सही केली. मालकांना मात्र संध्याकाळी खरं सांगितलं. ते म्हणाले, सुधारलंत ना, मग आता कागदावर कशाला आणायचं. ते वाईट माणूस नव्हते. घाबरले होते, माझ्यासारखेच.

मधुकाका गेल्यावर मी भेटायला गेले. घर माणसांनी भरलेलं होतं. दबक्या आवाजात सगळ्यांचं एकच चाललं होतं, बटण नीट दाबलं नसेल, घाईत बोट घसरलं असेल, तिचाही काय दोष. मुलानेही तेच धरलं होतं आणि आईला समजावत होता की होतं असं. काकी मला बघून रडली नाही. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या हाताने चोळत म्हणाली, "बोटात जोर नाय रवलो गो माझ्या." मी तिचा हात हातात घेतला. तिथेच सांगायला हवं होतं. मी तासभर तशीच बसले आणि घरी आले.

आठ महिने गेले. या आठ महिन्यांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मी कामावर जात होते, लोकांची जाळी वेगळी करत होते, पोर्टांना बिल्ले देत होते. प्रत्येक यादी चारचारदा वाचत होते. कोणी बिल्ला म्हटलं की मला आवडेनासं झालं होतं, पण मीच रूढ केलेला शब्द कोणत्या तोंडाने बंद करू?

मग एक दिवस कंट्रोल रूममधून वॉचमनचा फोन आला. तिवारी म्हणून उत्तर प्रदेशचा वयस्क माणूस होता, शांत. तो म्हणाला, सातसो चार से रोज अलार्म आता है, मॅडम. रोज ढाई बजे. सुरुवातीला धावत जायचे, आता नुसतं स्क्रीनवरून विचारतात, तर आजी "कुछ नहीं, कुछ नहीं" म्हणते. मॅनेजरने सांगितलंय की त्या घराचं बटण बंद करून टाका. "वो आप ही करेंगी ना?" त्याने विचारलं.

मी दुसऱ्या दिवशी अडीचच्या आधी सातशे चारला गेले. दार उघडंच होतं. काकी स्क्रीनपुढे स्टूल घेऊन बसली होती, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही, कोणी तरी येणार हे तिला माहीत असावं. अडीच वाजले. तिने तर्जनी बटणावर ठेवली, डावा हात उजव्या हातावर दाबला आणि सगळा जोर लावून बटण दाबलं. दिवा लागला. क्षणात स्क्रीनमधून तिवारीचा आवाज आला, हां आजी, बोलिये. काकी माझ्याकडे वळली.

"आता वाजता मा? आता बरोबर दाबतंय मा मी?"

ती सराव करत होती. आठ महिने, रोज, त्याच वेळी. एका दिवशी आपल्याला जमलं नाही ते जमवायला शिकत होती. मी आत येऊन खाली जमिनीवर बसले.

"काकी, तू त्या दिवशीही बरोबर दाबलं होतंस. वाजलं नाही ते माझ्यामुळे. यंत्रातल्या यादीतून तुमचा नंबर माझ्या हातून पुसला गेला होता. आणि मी तपासायला वर आले नाही."

स्क्रीनमधून तिवारी पुन्हा हॅलो हॅलो म्हणाला आणि मग बंद झाला. काकीचं बोट अजून बटणावरच होतं. ते तिने हळूहळू उचललं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मी दाबल्लंय," ती म्हणाली. मी हो म्हटलं. "बरोबर दाबल्लंय." हे ती मला सांगत नव्हती. खिडकीपाशी मधुकाकांची खुर्ची होती, तिकडे तोंड करून म्हणत होती. मग ती रडली, मोठ्याने, चाळीत रडायचे तशी. सातशे पाचमधली सून दारात येऊन उभी राहिली. मी काकीच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर तिने खांदा काढून घेतला. रडणं ओसरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि हे मला कधीपासून माहीत होतं, ते विचारलं. मी खरं सांगितलं. मधुकाका हॉस्पिटलात होते तेव्हापासून.

"आठ महिने मी ह्या बोटाक दोष दिलंय," ती म्हणाली. "तू हय येऊन बसलंस, माझो हात हातात घेतलंस, तेव्हा पण तुका ठावक होता." मी मान हलवली. "त्या दिवसा चाय पिऊक वर इली असतंस तर..." ती उठून दाराशी गेली, दार पूर्ण उघडून धरलं आणि म्हणाली, "आता तू जा." त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघाले.

त्याच दिवशी मी मॅनेजरला पत्र लिहून दिलं, कुठल्या तारखेला काय चुकलं आणि कधी सुधारलं ते. एक प्रत काकीच्या मुलाला पाठवली. त्याचं उत्तर आलं नाही. मॅनेजरने पत्राचं काय केलं ते मला माहीत नाही. ते काम मात्र आमच्या कंपनीकडून काढून घेतलं, महिन्याभरात दुसऱ्यांकडे गेलं. मालक मला काही बोलले नाहीत, पण त्यानंतर आमचं पूर्वीसारखं बोलणंही राहिलं नाही. वर्षअखेरीला मी निवृत्ती घेतली. निरोपाच्या भाषणात एका वायरमनने ‘ही’ विसरू नका म्हणून माझी नक्कल केली आणि सगळे हसले.

काकीने मला पुन्हा बोलावलं नाही, आणि न बोलावता जायचा माझा हक्क राहिलेला नाही. पण पत्र दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. तीनच्या सुमाराला तिवारीचा फोन आला. आवाजात काळजी होती. "मॅडम, आज सातसो चार का बटन नहीं बजा. लाइन तो चालू है ना?"

काम अजून आमच्याकडेच होतं. मी ऑफिसातून गेटवे उघडला आणि रिहॅबच्या पोर्टची यादी वाचली. वीस होता. पन्नासही होता. लाइन चालू आहे म्हणून मी त्याला सांगितलं.